बाराशे डॉलरचा कुकी बॅनर

मंडळी, जरा लांब लिहितोय. पण दुकान, क्लास, केटरिंग, ट्रॅव्हल असं काहीही चालवत असाल तर वाचाच.

एडिसनमधल्या एका किराणा दुकानाचे हिशेब मी बघतो. परवा खर्चात नोंद दिसली: 'प्रायव्हसी कम्प्लायन्स पॅकेज, १२०० डॉलर'. कुणीतरी फोन करून मालकांना घाबरवलं होतं, नवा कायदा आलाय, दंड बसेल म्हणून. मिळालं काय? वेबसाइटवर एक कुकी बॅनर आणि अकरा पानांची पॉलिसी. तीत कॅलिफोर्नियाचं नावही तसंच राहिलेलं! कॉपी करणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

न्यू जर्सीचा डेटा प्रायव्हसी कायदा १५ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, हे खरं. पण तो लागतो वर्षाला किमान १ लाख ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्यांना (नुसत्या पेमेंटपुरता घेतलेला त्यात धरत नाहीत), किंवा किमान २५ हजारांचा डेटा हाताळून तो विकण्यातून पैसे वा सवलत मिळवणाऱ्यांना. या दुकानाच्या यादीत जेमतेम ६ हजार नावं. म्हणजे घाबरायचं कारणच नव्हतं.

खरा घोळ पुढेच आहे. पॉलिसीत लिहिलंय, 'आम्ही तुमची माहिती कोणालाही देत नाही.' आणि लॉयल्टी कार्डाची अख्खी यादी दिवाळीच्या जाहिरातखर्चाच्या बदल्यात एका विमा एजंटला दिलेली! मालक म्हणाले, "अहो, विकली कुठे? पैसे घेतलेच नाहीत." पण मोबदल्यात काही मौल्यवान मिळालं, तरी कायदा त्याला विक्रीच म्हणतो. शिवाय लिहून दिलेला शब्द मोडला तर ती ग्राहकाची फसवणूक ठरू शकते. तो कायदा जुना आहे, आणि त्याला लाखभर ग्राहक लागत नाहीत. म्हणजे बाराशे डॉलर मोजून त्यांनी स्वतःविरुद्धचा पुरावाच विकत घेतला.

'बॅनर कंपनीचं काम आहे, आमचं नाही' हेही चालत नाही. मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रायव्हसी एजन्सीने टॉड स्नायडर या कपड्यांच्या ब्रँडला ३ लाख ४५ हजार डॉलरचा दंड लावला. त्यांच्या बॅनरमधून नकार देण्याची सोय ४० दिवस बंद होती. दोष बाहेरच्या व्हेंडरवर ढकलणं एजन्सीने मान्य केलं नाही.

माझा राग दुकानदारावर कमी आहे. देशभराचा एक कायदा नाही, वीसच्या आसपास राज्यांचे वेगवेगळे. राज्याने प्रश्नोत्तरं वेबसाइटवर टाकली आहेत, पण ओक ट्री रोडवरचा माणूस रात्री दहाला शटर ओढून ती वाचणार आहे का? सेल्स टॅक्सचं जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं हे दोन पानांत, गुजराती-हिंदी-स्पॅनिशमध्ये दुकानापर्यंत पोचवा. नाहीतर भीती विकणारे पोचतातच. (आणि आपल्या कार्यक्रमांच्या फॉर्मवर मुलांच्या जन्मतारखा कशाला लागतात, तेही कुणीतरी सांगा.)

आम्ही काय केलं? अकरा पानांचं एक पान केलं, खरं तेवढंच ठेवलं. फॉर्ममधून जन्मतारीख काढली. एजंटला यादी पुसायला लावली. तो मालकांच्या भाच्याचा मित्र, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड गेलं. मग सगळ्या ग्राहकांना कबुलीचा मेसेज पाठवला.

संध्याकाळी एका आजींचं उत्तर आलं, "म्हणजे ते विम्याचे फोन तुमच्यामुळे येत होते होय?" मालकांनी त्यांना स्वतः फोन केला. बराच वेळ नुसतं "हो मावशी, चुकलंच" एवढंच ऐकू येत होतं.