किलोने विकलेली प्रयोगशाळा
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ असते. परंतु जुने विकायची वेळ आली की आपण ते सोनाराच्या काट्यावर घालीत नाही, भंगारवाल्याच्या ताजव्यात घालतो. मोडकी खुर्ची, गंजलेले कपाट आणि पितळी होकायंत्र या तिघांचाही भाव मग किलोवर ठरतो. माझी तक्रार भंगारवाल्याविरुद्ध नाही. तो बिचारा ताजव्यावरच जगतो. माझी तक्रार आपल्याविरुद्ध, म्हणजे शिकणाऱ्यांविरुद्ध आहे.

या तक्रारीला एक निमित्त घडले. पुण्याला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पुण्याच्या भोवती लष्कराची ठाणी आणि कारखाने. त्यामुळे या बाजारात नुसती जुनी भांडी आणि नाणी दिसत नाहीत. पाने, पकडी, कानशी, दाबमापके, विजेची मीटरे, दुर्बिणींची सुटी भिंगे असा नाना तऱ्हेचा माल जमिनीवर गोणपाट पसरून मांडलेला असतो. एका रविवारी तेथे हिंडताना मला एक चमत्कारिक वस्तू दिसली. दिसायला खिशातल्या घड्याळासारखी. वर काचेखाली तबकडी, तबकडीवर एकच काटा आणि खाली वाटाण्याएवढे दातेरी चाक.

“काका, हे काय आहे?” मी विचारले.

“घड्याळ आहे. बंद पडलंय. कुणीतरी खाली चाक लावून ठेवलंय. साठ रुपये दे.”

मी साठ रुपये दिले. घड्याळ ते नव्हतेच. नकाशावरील वाकडीतिकडी रेषा मोजण्याचे ते यंत्र होते. चाक नकाशातल्या रस्त्यावरून किंवा नदीवरून फिरवीत न्यायचे. काटा सरकतो आणि लांबी सांगतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे चित्र आहे. परीक्षेत त्याच्यावर टीप लिहून मी गुणही मिळवले होते. परंतु ते हातात धरण्याचा योग तीन वर्षांत आला नव्हता.

वस्तू उलटी केली, तेव्हा पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला, अर्धवट पुसलेला क्रमांक दिसला. ज्याने कॉलेजातले डेडस्टॉक रजिस्टर पाहिले आहे, त्याला असा क्रमांक ओळखायला वेळ लागत नाही. कोणत्या तरी संस्थेच्या कपाटात हे यंत्र वर्षानुवर्षे कुलपात राहिले असेल. विद्यार्थ्यांच्या हाती दिले तर हरवेल, मोडेल, मग हिशेब कोणी द्यायचा, म्हणून ते कोणाला दिले गेले नसेल. शेवटी एक दिवस ‘निरुपयोगी’ असा शेरा पडून ते ताजव्यात गेले असेल. ज्याचा उपयोगच करू दिला नाही, त्याला निरुपयोगी ठरवण्याचा हा न्याय मोठा अजब आहे!

वसतिगृहावर आल्यावर मी माझ्या तालुक्याचा नकाशा काढला. पन्नास हजारास एक या प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचे एक किलोमीटर. आमच्या वाडीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरून मी ते चाक हलके हलके फिरवले. आमचे गुरुजी नेहमी म्हणत, “तीन किलोमीटर तर चालायचं, त्यात उशीर कसला होतो रे?” चाकाने सव्वाचार किलोमीटर सांगितले. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा सव्वाचारच्या आसपास. गुरुजींनी नकाशावर सरळ रेषा धरली असावी. आम्ही मात्र ओढ्याला वळसा घालून चालत होतो. पाच वर्षे खाल्लेल्या छड्या आता परत देता येत नाहीत. पण सरळ रेषा आणि प्रत्यक्ष रस्ता यांत फरक असतो, हे भूगोलातले साधे सत्य मला त्या रात्री प्रथमच कळले. त्यापूर्वी मी ते फक्त लिहिले होते. आणि खरे सांगायचे तर प्रात्यक्षिकाच्या वहीतले आकडे मी मागच्या वर्षीच्या एका वहीवरून उतरवले होते. माझ्या बरोबरीच्यांपैकी किती जणांनी तसे केले, ते येथे लिहीत नाही. ज्याचे त्याला ठाऊक आहे.

शिल्लक आणि नाकारलेल्या मालातून शिक्षण होऊ शकते, ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत तिचा रीतसर व्यापार झाला. शिकागोमध्ये १९३७ साली अल ल्यूबर्स यांनी कारखान्यात सदोष म्हणून बाजूला काढलेली भिंगे विकायला सुरुवात केली. त्यातून ‘अमेरिकन सायन्स अँड सरप्लस’ हे दुकान उभे राहिले. मोटारी, चुंबके, काचनळ्या, चाके, विज्ञानाची खेळणी, कुणाच्या तरी मागणीपेक्षा जास्त तयार झालेले चित्रविचित्र सुटे भाग असा माल ते विकत. त्यांच्या सूचिपत्रात छायाचित्रांऐवजी रेखाचित्रे असत आणि वर्णने विनोदी असूनही प्रामाणिक असत. १९४२ साली न्यू जर्सीत नॉर्मन एडमंड या हौशी छायाचित्रकाराने असाच उद्योग आरंभला. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी मालातली भिंगे आणि लोलक त्याच्याकडून घेऊन कित्येक हौशी लोकांनी घरच्या घरी दुर्बिणी बनवल्या. तोफेचा नेम धरण्यासाठी घासलेली काच चंद्र पाहण्याच्या कामी आली, याहून तिचे चांगले पुनर्वसन कोणते?

आपल्याकडे एवढेही भांडवल लागत नाही, हे अरविंद गुप्ता यांनी दाखवून दिले. कानपूरच्या आय. आय. टी.चा हा अभियंता पुण्याच्या मोटार कारखान्यात नोकरीला होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढ्याच सामानातून भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण तसाच ताठ राहतो. पुलांच्या आणि छपरांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, हे ज्याने एकदा बोटाने ढकलून पाहिले, त्याला पुन्हा पाठ करावे लागत नाही.

यावर आपल्यातले काही म्हणतील, “हे सगळे विज्ञान शाखेचे. आपण कलाशाखेचे. आपल्याला पाने-पकडी काय करायच्या?” हा प्रश्न ज्याला पडतो त्याने महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास जरा आठवावा. दादासाहेब फाळके हे जे. जे. कलाशाळेत शिकलेले. त्यांनी छायाचित्रण केले, छापखाना चालवला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्यांच्या घरात सरस्वतीबाई करीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. या मंडळींना कोणी शाखा विचारली नव्हती. कला आणि कारागिरी यांच्यामध्ये भिंत बांधण्याचे पुण्य आपल्या वेळापत्रकाचे आहे.

भाषेच्या विद्यार्थ्यांना तर या बाजाराची अधिकच गरज आहे. ‘गुणधर्म’ या शब्दावर आपण पानभर लिहू. पण गवंड्याचा गुण्या कोणता आणि ओळंबा कोणता, हे किती जणांना दाखवता येईल? पटाशी, गिरमिट, रंधा, सामता हे शब्द आपल्याला कोशात भेटतात. जुन्या बाजारात ते गोणपाटावर भेटतात, हातात घेता येतात आणि वजनासकट लक्षात राहतात.

अर्थात या बाजारात सारेच सोने आहे असा माझा दावा नाही. तेथे फसगत होते. चोरीचा माल येत असेल, ही शंकाही खोटी नाही. दर रविवारी काहीतरी उचलून आणण्याचे व्यसन लागले तर खोली भरते आणि खिसा रिकामा होतो. आजकाल घरपोच मिळणारी ‘शैक्षणिक’ खेळणी पाहिली की दुसरेही भय वाटते. खोक्यावर शास्त्रज्ञाचे चित्र, आत चार प्लॅस्टिकचे तुकडे. सूचनेप्रमाणे जोडले की एकदा चालते आणि मग कोपऱ्यात जाते. अशा खेळण्यात शोधायचे काही उरलेलेच नसते. माझ्या ‘बंद घड्याळा’बरोबर सूचनापत्रिका नव्हती, हेच त्याचे भाग्य. ते काय आहे हे मला ठरवावे लागले.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक कॉलेजने जुन्या सामानाचे निर्लेखन करण्यापूर्वी ते एक दिवस टेबलावर मांडावे. स्नेहसंमेलनाचा दिवस त्याला उत्तम. जे विकायचे ते ठरलेल्या किमतीला, रीतसर पावती करून, आधी विद्यार्थ्यांना विकावे. हिशेबही चोख राहील. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड असावे: हिचे नाव काय, ती काय काम करते, तिचे काय मोडले आहे. ज्या वस्तूचे नाव सापडत नाही, तिच्यापुढे तसे प्रामाणिकपणे लिहावे. ही कार्डे लिहिण्याचे काम आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना द्यावे. निबंध लिहून लिहून आमचा हात तयार आहेच. तो हात एकदा वस्तूलाही लागू द्या.

आणि कुलपातल्या सामानाबद्दल एवढेच म्हणतो, की हाताळताना मोडलेले यंत्र हा तोटा आहे, पण न हाताळता गंजलेले यंत्र हा त्याहून मोठा तोटा आहे. पहिल्याची नोंद रजिस्टरात होते. दुसऱ्याची होत नाही.

माझ्या यंत्राचा काटा अधूनमधून अडकतो. टिचकी मारली की चालतो. ज्या मित्रांना आपल्या गावचा रस्ता मोजायचा असेल, त्यांनी नकाशा घेऊन खुशाल यावे. मोडले तरी हिशेब विचारणार नाही.