चाळिशीनंतर पळायला लागताना

“दिवसभर शेतात राबणाऱ्याने आणखी पळायचे कशाला?” असे आम्हाला पुष्कळदा विचारण्यात येते. आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न शोभला असता. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटर ओढते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. धाप लागेल असे काम लावणी-कापणीपुरते उरले. ताटातला भात मात्र पूर्वीइतकाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. राज्यांत सर्वांत मोठे प्रमाण गोव्याचे, शेकडा २६ हून अधिक. तेव्हा चाळिशी उलटलेल्या माणसाने पळावे, असेच आमचे मत आहे.

पण कसे? आमचे बंधू सोमवारी नवे बूट आणतात, मंगळवारी शाळेतल्या पोरासारखे सुसाट सुटतात आणि शनिवारी लंगडतात. मग बूट माळ्यावर जातात, आणि “पळणे आपल्याला मानवत नाही” असा निकाल लागतो. हा निकाल आम्हाला मान्य नाही. पळण्याचा दोष नाही, घाईचा आहे.

शरीराचे सगळे भाग एका चालीने सुधारत नाहीत. हृदय आणि फुप्फुसे थोड्या आठवड्यांत सरावतात; हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे यांना कित्येक महिने लागतात. पळताना दर पावलाला आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम पुरू लागतो, माणूस खूश होऊन अंतर वाढवतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकू लागते. म्हणून दम पुरतो म्हणून पाय तयार झाले, असे समजू नये.

आरंभी पाच मिनिटे चालावे. मग एक मिनिट पळावे, दोन मिनिटे चालावे, असे सात-आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, आणि मध्ये एक दिवस विसावा. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९६ साली याच धर्तीवर नऊ आठवड्यांचा क्रम आखला. शेवटी माणूस न थांबता अर्धा तास पळावा, असा त्याचा बेत. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. नवाचे पंधरा झाले तरी कोणी दंड करीत नाही! वेग किती, तर सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येईल इतका. चालणारा पुढे निघून गेला तरी जाऊ द्यावा. बूट महागडे नकोत, पण चपलांवर पळू नये.

जिम फिक्स यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. पस्तिशीत हा लठ्ठ, सिगारेट ओढणारा माणूस पळू लागला, सडसडीत झाला, आणि १९७७ साली पळण्यावरचे त्याचे पुस्तक अमेरिकेत अफाट खपले. १९८४ साली पळायला गेला असतानाच हृदयविकाराने तो वारला, वय ५२. त्याचे वडील ४३ व्या वर्षी त्याच विकाराने गेले होते. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे, ज्यांना रक्तदाब वा साखर आहे, जे विडी-तंबाखू घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. पळताना छातीत दडपण आले, चक्कर आली, तर तेथेच थांबावे. “थोडेच राहिले” म्हणू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि परतल्यावर तळपाय निरखावेत.

राहिल्या आमच्या भगिनी. पुरुष पळाला तर लोक दोन दिवस हसतात. बाई पळाली तर तिच्या सासूलाही ऐकावे लागते. रस्त्यावर कुत्री, अंधार आणि टपरीवरचे डोळे. घरकामात व्यायाम होतोच, हे पुरुषांचे म्हणणे आम्हाला पटत नाही. त्या कामाने पाठ मोडते, दम वाढत नाही. चर्चच्या पटांगणाला कुंपण आहे, दिवाही आहे. पहाटे साडेपाच ते साडेसहा ते केवळ स्त्रियांसाठी ठेवावे, असे आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत. त्या वेळी तेथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी तासभर उशिरा यावे.