ओहमचे सव्वावीस इंच

प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी उघडल्यावर ओहमच्या नियमाचा प्रयोग निघाला की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. जोडणी सोपी, रीडिंग झटपट मिळतात आणि आलेख इतका सरळ येतो की बाह्य परीक्षक त्याकडे पुन्हा वळूनही पाहत नाहीत. व्हायवाला दोनच प्रश्न: नियम सांग, आणि तापमान स्थिर का हवे? आमची तक्रार या सोपेपणाबद्दलच आहे. ज्या प्रयोगातून विद्युतमंडल म्हणजे काय हे कळायचे, तो आपण उतार काढण्याच्या सरावापुरता उरवला आहे.

गेऑर्ग ओहम हा आपल्यापैकीच एक, म्हणजे शाळेतला शिक्षक. 1817 पासून तो कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. वडील कुलूपे बनवणारे, त्यामुळे हाताला कारागिरीची सवय. शाळेची प्रयोगशाळाही बरी होती. 1825 मध्ये त्याने व्होल्टाच्या घटावर प्रयोग केले आणि तारेची लांबी व धारेचा परिणाम यांचा संबंध छापूनही टाकला. त्या सूत्रात लॉगरिथम होता. म्हणजे ओहमने पहिल्यांदा मांडलेला 'ओहमचा नियम' चुकीचा होता. चूक मोजण्यात नव्हती. रीडिंग घेता घेता घटच ढेपाळत होता. तारेची लांबी वाढल्यामुळे धारा किती उतरली आणि घट थकल्यामुळे किती, हे वेगळे करायला मार्गच नव्हता.

'अ‍ॅनालेन डेर फिजिक'चे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला थर्मोकपल वापरण्याचा सल्ला दिला. (संपादकाचा सल्ला लेखकाने ऐकल्याची विज्ञानाच्या इतिहासातली ही नोंद आम्हाला विशेष प्रिय आहे.) थर्मोकपलमागचा सेबेकचा शोध तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर तापमानांतला फरक हलत नाही, म्हणून स्रोतही हलत नाही. ओहमच्या नियमाच्या मुळाशी ही युक्ती आहे, आणि आपल्या एकाही जर्नलमध्ये तिचा उल्लेख नसतो.

धारा मोजायची कशाने? अ‍ॅमीटर तेव्हा नव्हता. ओहमने चुंबकसूची एका चपट्या तारेला टांगली. धारेमुळे सूची वळली की वरून तारेला पीळ देऊन तो सूचीला मूळ जागी परत आणी, आणि किती पीळ द्यावा लागला ते मोजी. पिळाच्या तारेने बल मोजण्याची ही रीत कूलोंबची, त्याच्याही चाळीस वर्षे आधीची. सूची प्रत्येक वेळी त्याच जागी परत येत असल्यामुळे ती किती कोनातून वळली याचा हिशेब मध्ये येतच नाही. पोटेन्शिओमीटरवर शून्य विचलन शोधताना आपले विद्यार्थी याच जातीचे काम करतात, पण हे नाते त्यांना कोणी सांगत नाही. धारा म्हणजे काय, याचे ओहमपुरते उत्तर 'बल' असे होते. अँपिअरची व्याख्याही मे 2019 पर्यंत बलावरच उभी होती: निर्वातात एक मीटर अंतरावरच्या दोन समांतर तारांमध्ये दर मीटरला 2×10⁻⁷ न्यूटन. आता ती इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून ठरते.

जानेवारी 1826 मधली त्याची एक मालिका पाहा. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा. लांबी 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच. पिळाचे आकडे अनुक्रमे 326¾, 300¾, 277¾, 238¼, 190¾, 134½, 83¼ आणि 48½. पहिले दोनच आकडे फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा. तारेची लांबी दोनाची चार इंच झाली, म्हणजे रोध दुप्पट. मग धारा निम्मी व्हायला हवी की नाही? ती उतरली आहे जेमतेम आठ टक्के. दुसऱ्या टोकाला 66 वरून 130 इंचांवर जाताना मात्र ती बरीच निम्म्याच्या जवळ येते. पाठ केलेले सूत्र इथे पांगळे पडते आणि वर्गात पहिल्यांदा कोणीतरी विचार करू लागते.

उत्तर ओहमच्याच सूत्रात आहे: पीळ बरोबर 7285 भागिले (20¼ + लांबी). हे सव्वावीस इंच कुठल्याच तारेचे नाहीत. थर्मोकपल, सांधे, जोडपट्ट्या, म्हणजे तपासायची तार सोडून मंडलात जे जे काही आहे, त्या सगळ्याचा रोध तारेच्या इंचांत मोजला तर तो इतका भरतो. त्यामुळे 2 ची 4 इंच करणे म्हणजे प्रत्यक्षात 22¼ ची 24¼ करणे होय. अंतर्गत रोध ही बारावीत वेगळ्या प्रकरणात येणारी भानगड नाही. नियमाबरोबर, त्याच ओळीत, तो जन्माला आला. आपण विभवांतर तारेच्या दोन टोकांनाच मोजतो आणि स्रोताला चित्राबाहेर ठेवतो, म्हणून आपला आलेख आरंभबिंदूतून जातो. त्यात चूक काही नाही, पण अर्धे मंडल त्यात दिसतच नाही.

याच सूत्रात 10 इंच घालून पाहा. उत्तर येते सुमारे 240¾; मोजलेला आकडा 238¼. एक टक्क्याचा हा फरक ओहमने तसाच छापला. आपल्याकडच्या जर्नलात तो आकडा निमूटपणे 240 झाला असता.

एक शंका चलाख विद्यार्थी कधीतरी काढतोच. चल-कुंडली व्होल्टमीटर म्हणजे मोठा रोध एकसरीत जोडलेला गॅल्व्हानोमीटर. तो मोजतो धाराच. ओहमचा नियम गृहीत धरून तिचे व्होल्ट आपण तबकडीवर छापतो. मग त्या व्होल्टमीटरने ओहमचा नियम पडताळायचा कसा? आमच्या मते ही शंका काढणाऱ्याला व्हायवाचे पूर्ण गुण द्यावेत. प्रामाणिक उत्तर असे की त्या प्रयोगात आपण दोन रोधांतल्या धारांचे गुणोत्तर बदलत नाही एवढेच दाखवतो. ओहमच्या रीतीत हा फेरा नाही. त्याच्याकडे मोजायला फक्त लांबी आणि बल होते.

म्हणून सूचना अशी. नेहमीचा प्रयोग राहू द्या, पण त्याच तासिकेत व्होल्टमीटर काढून ठेवा. कॉन्स्टंटनची तार, एक घट, अ‍ॅमीटर आणि किल्ली एवढेच घ्या. तारेची लांबी बदलत धारा नोंदवा आणि धारेचा व्यस्त लांबीसमोर मांडा. रेषा सरळ येईल, पण आरंभबिंदूतून जाणार नाही; मागे वाढवली की ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे छेदेल. तिथपर्यंतचे अंतर म्हणजे तुमच्या टेबलावरचे 'सव्वावीस इंच': घट, अ‍ॅमीटर आणि सैल स्क्रू धरून. दुसऱ्या गटाला जुना, अर्धवट वापरलेला घट द्या आणि दोन्ही अंतरे शेजारी ठेवा. तार फार आखूड घेऊ नका आणि किल्ली रीडिंगपुरतीच दाबा. नाहीतर ओहमला 1825 मध्ये जे झाले तेच होईल. अर्थात तेही एकदा मुद्दाम होऊ द्यायला हरकत नाही. किल्ली दाबून ठेवलेल्या गटाची रेषा कुठे वाकते, हे त्यांनाच शोधू द्या.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. एका तुकडीला एक तासिका, त्यात निम्मे मीटर बंद. पण या प्रयोगाला उपकरणे कमीच लागतात, आणि मीटर ब्रिजचा तोच तो अज्ञात रोध चौथ्यांदा काढण्यापेक्षा ही तासिका नक्कीच कारणी लागेल.

आपापल्या प्रयोगशाळेतले तक्ते आमच्याकडे पाठवा. पुढील अंकांत ते छापू. तारेचा धातू आणि जाडी, घटाचा प्रकार व वय, अ‍ॅमीटरची कक्षा आणि किल्ली किती वेळ दाबली होती एवढे सोबत लिहा. रेषेवर न बसलेला बिंदू असेल तर तोही आलेखावर राहू द्या.