'गाईज' चालतं, मग 'गडी' का नको?



'हाय गाईज!' ही हाक आता आपल्या पाटण भागातल्या पोरांच्या तोंडीही बसली आहे. मोबाईलवरच्या व्हिडिओंतून ती आली. काहींना ती खटकते, काहींना तिचं कौतुक वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की शब्द अडवू नका, पण तो आला कुठून ते मुलांना जरूर सांगा.

'गाय' (आपली गोठ्यातली नव्हे बरं का!) हे मुळात एका माणसाचं नाव. गाय फॉक्स हा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला संसदेसकट उडवून देण्याच्या कटात सामील होता. १६०५ साली, ४-५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तो संसदेखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसह पकडला गेला. पुढे जानेवारी १६०६ मध्ये त्याला देहदंड झाला. मग दरवर्षी ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवून त्यात त्याचा चिंध्यांचा पुतळा जाळायची प्रथा पडली, आपण दसऱ्याला रावण जाळतो तशी. त्या पुतळ्यालाच 'गाय' म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात विचित्र कपडे घातलेल्या माणसालाही 'गाय' म्हणून हिणवायचे. अमेरिकेत मात्र त्यातली टिंगल गळून पडली आणि 'पोरगा, माणूस' एवढाच अर्थ उरला. आता 'गाईज' म्हटलं की त्यात बऱ्याचदा मुलीही येतात.

म्हणजे बघा, जाळायच्या पुतळ्याचा शब्द आज दोस्तीचा झाला!

आता आपला 'गडी' घ्या. शेतावर राबणारा तो गडी, कबड्डीच्या संघातले सात गडी आणि जिवाभावाचा सोबतीही 'गड्या'. क्रिकेटच्या बातमीत आजही 'तीन गडी बाद' असंच छापतात. इतका कामाचा शब्द! पण तोच वर्गात मुलाच्या तोंडून आला, किंवा 'भावा', 'मर्दा' आलं, की आपण म्हणतो, "नीट बोल, गावंढळासारखं नको." आणि 'गाईज' म्हटलं की पोरगं हुशार! हा दुजाभाव मुलांना लगेच कळतो. मग त्यांना घरच्या बोलीची लाज वाटायला लागते.

दोन्ही शब्द मित्रांत बोलायचे आहेत. मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जात 'गाईज' शोभत नाही आणि 'भावा'ही नाही. कुठं काय बोलावं हे जरूर शिकवूया. पण शब्द इंग्रजी म्हणून मोठा आणि गावचा म्हणून हलका, हे शिकवू नका.

उद्या मुलांना एकच प्रश्न विचारा: तुमच्या गावात मित्राला काय काय हाका मारतात? बघा, फळा पुरणार नाही!