यंत्र भाड्याचे, किल्ली आपली

भोसरी, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यात आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांची लहान वर्कशॉप आहेत. कुणी लेथवर जॉबवर्क करतो, कुणी प्रेसपार्ट काढतो, कुणी पॅकिंगचे खोके पुरवतो. पूर्वी मोठ्या कंपनीचा माणूस पाहणीला आला की मशीन पाहायचा, गेज पाहायचा, कामगारांच्या पायातले बूट पाहायचा. आता तो आणखी एक कागद पुढे ठेवतो. इंटरनेटला फायरवॉल आहे का? आमची ड्रॉइंग कोणत्या संगणकावर ठेवता? कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग किती दिवस राहते? जर्मन गाडी कंपन्यांच्या साखळीत काम करणाऱ्यांना तर टिसॅक्स नावाची माहिती-सुरक्षेची तपासणी झाली आहे का, असेही विचारले जाते.

हे प्रश्न उगाच आलेले नाहीत. जपानमध्ये कोजिमा नावाच्या एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि १ मार्च २०२२ रोजी टोयोटाला जपानमधले आपले सर्व १४ कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात उलटे घडले. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला, ब्रिटनमधले उत्पादन महिनाभराहून अधिक थांबले आणि कामाविना बसले ते तिचे लहान पुरवठादार. म्हणजे या साखळीत लहान-मोठे एकमेकांना बांधलेले आहेत. आपले गाळे लहान म्हणून आपल्याकडे कोण पाहणार, असे म्हणण्याचे दिवस गेले.

मग फायरवॉल, स्विच, वायफाय, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर एवढे सामान लागते. एकरकमी पैसे नसतात. व्याजाचे कर्ज काढायला मन धजत नाही. अशा वेळी हेच सामान महिन्याच्या भाड्याने देणारे येतात. हा रस्ता चांगला आहे, असे आम्हाला वाटते; पण तो नीट समजून घेतला तरच.

फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि आपले संगणक यांच्या मधल्या दारावरचा वॉचमन. कुणाला आत सोडायचे नाही याची यादी त्याच्याकडे रोज नवी यावी लागते आणि त्यासाठी लायसन्स असते. लायसन्स संपले तरी डब्याचे दिवे लागलेले असतात, इंटरनेटही चालते. फक्त यादी जुनी राहते. विकत घेणारे पुष्कळ जण इथेच फसतात. पहिल्या वर्षी उत्साहाने घेतात, नूतनीकरणाचे बिल आले की पुढे ढकलतात. भाड्याच्या व्यवहारात हे नूतनीकरण देणाऱ्याच्या अंगावर असते. भाड्याचा खरा फायदा हा आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, तीन वर्षांच्या लायसन्ससह फायरवॉल १,२०,००० रुपयांना मिळतो आणि भाडे महिना ४,५०० रुपये आहे. ३६ महिन्यांत १,६२,००० रुपये जातात. वरचे ४२,००० कशाचे? बिघाड झाल्यास बदली यंत्र, वेळेवर अपडेट आणि बोलावल्यावर येणारा माणूस यांचे. हे तिन्ही करारात लिहिलेले असेल तर भाडे रास्त आहे. लिहिलेले नसेल तर आपण तीच वस्तू महाग घेतली. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदी आणि भाडे दोन्हींवरच्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, तेही हिशेबात धरा.

भाड्याच्या व्यवहाराला आपल्याकडे इजारा म्हणतात आणि त्याचे नियम फिक्हच्या ग्रंथांत तपशिलाने आले आहेत. वस्तू मालकाची राहते, ती कामाची ठेवणे मालकाच्या जिम्मे. भाडे किती आणि मुदत किती, हे आधी ठरलेले असावे. वस्तू वापरणाऱ्याकडे अमानत असते. त्याने हलगर्जी केली तर भरपाई त्याची, आपोआप बिघडली तर मालकाची. ही कसोटी आजच्या करारालाही लावून पाहावी. ‘बिघाड झाल्यास सर्व खर्च ग्राहकाचा’ असे कलम असेल तर नाव भाड्याचे आणि व्यवहार हप्त्यावरच्या विक्रीचा आहे. भाडे थकल्यावर टक्क्याने रक्कम वाढत जाणार असेल तर सही करण्याआधी तो कागद जाणत्या आलिमांना दाखवावा.

आणखी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. बंद पडल्यास किती तासांत बदली मिळेल? वीज कडाडून किंवा व्होल्टेज वाढून यंत्र जळाले तर कुणाचे? चोरी झाली तर विमा कुणाचा? मुदतीआधी सोडायचे झाल्यास किती भरावे लागेल? परत देताना रेकॉर्डरमधली डिस्क आपल्यासमोर पुसली जाईल का? त्या डिस्कवर आपल्या कामगार बहिणींच्या ये-जाण्याचे चित्रण असते, ते दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पासवर्डची. यंत्र भाड्याचे असले तरी त्याच्या आतली माहिती आपली आहे. मुख्य पासवर्ड फक्त पुरवठादाराकडे असेल तर वाद झाला, त्याने धंदा बंद केला किंवा त्याचा माणूस नोकरी सोडून गेला, की आपण आपल्याच दारात उभे राहतो. म्हणून मुख्य अधिकाराचे एक खाते मालकाच्या नावे असावे आणि सेटिंगची प्रत दर तीन महिन्यांनी आपल्याकडे यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. त्या नोंदी कुठे राहतात, हे पुरवठादाराला आजच विचारा.

कॅमेरा बसवताना कारखान्याहून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. कॅमेरे, सीएनसी मशीन आणि ऑफिसचे संगणक स्विचवर वेगवेगळे करून मागा. गाळ्यावरच घर असेल तर मुलांच्या मोबाईलला वेगळे वायफाय द्या. लेक टॅलीवर बिले करते त्याच लाइनवर धाकटा गेम उतरवत असेल तर भाड्याचा वॉचमन तरी काय करणार?

आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. अपडेटची कामे त्या दिवशी करून घ्यावीत, पण पहारा त्या दिवशीही हवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्याची सुरुवात ११ ऑगस्टला, शनिवारी झाली. चोर सुट्टी पाहून येतो. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, हेही गाळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.

तेव्हा येत्या गुरुवारी चहा झाल्यावर घरातल्या मुला-मुलींना सोबत घेऊन बसा. ज्यांनी सामान भाड्याने घेतले आहे त्यांनी करार काढून वरचे प्रश्न एकेक करून तपासावेत. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी ते वहीत उतरवून पुरवठादारासमोर ठेवावेत. उत्तरे तोंडी नको, कागदावर घ्या. देणारा प्रामाणिक असेल तर तो आनंदाने लिहून देईल आणि व्यवहारात बरकत राहील, इन्शाअल्लाह.