तिघऱ्यात येणारे पाणी मुखाशीच मोजा : ग्वाल्हेरच्या नळधारकांचे मागणीपत्र

प्रति,
जलाशय व्यवस्थापन, शहर पाणीपुरवठा आणि जलप्रदूषण नियंत्रण यांचे सक्षम अधिकारी, ग्वाल्हेर

विषय : सांक नदी तिघरा जलाशयाला मिळते तेथे प्रवाह व गुणवत्ता यांचे नियमित मापन

महोदय,

सांक नदीवरील तिघरा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले आणि १९१७ मध्ये पायातील झिरप्यामुळे फुटले. पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे. आज लष्कर, मुरार आणि जुन्या ग्वाल्हेरच्या नळांना याच जलाशयाचा आधार आहे. भिंतीपाशी दिसणारी पातळी म्हणजे केवळ शिल्लक. जमा किती झाली आणि कशी झाली, हे नदीच्या मुखाशीच कळते. आमचे सभासद पाणीपट्टी भरतात. हा हिशेब मिळणे हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी त्यांनी पुरेशी वाट पाहिली आहे.

मागण्या

१. आवक. नदीतून रोज किती पाणी येते, हे नागरिकांना कळत नाही. जलाशयाच्या फुगवट्याच्या वर, पक्क्या पात्रात पातळीमापक पट्टी व स्वयंचलित नोंदयंत्र बसवावे. पावसाळ्यात दर तासाला, एरवी रोज नोंद घ्यावी. पुरानंतर पात्र बदलते, म्हणून विसर्गाचे गणित दरवर्षी नव्याने तपासावे.

२. वहनातील घट. टंचाईत ककेटो व पेहसारी येथून तिघऱ्यात पाणी आणले जाते. सोडलेले आणि पोहोचलेले, दोन्ही पाणी मोजावे. तफावत दहा टक्क्यांहून अधिक असल्यास पंधरा दिवसांत लेखी कारण द्यावे.

३. गुणवत्ता. नदी, मुख आणि शहरासाठी पाणी उचलण्याची जागा, अशा तीन ठिकाणी दरमहा, तर पावसाळ्यात दर आठवड्याला नमुने घ्यावेत. मुखाशी वेग मंदावतो, गाळ बसतो आणि त्यासोबत आलेल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते. म्हणून जलाशयातील नमुने पृष्ठभाग व तळ या दोन्ही पातळ्यांवरचे असावेत. शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी वापरायच्या स्रोतात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी कमाल ३ मिलिग्रॅम, हा केंद्रीय निकष आहे. तो ढळल्यास २४ तासांत शुद्धीकरण केंद्राला व नागरिकांना कळवावे.

४. गाळ. साठवणक्षमतेचे जुने आकडे गृहीत धरून पाणीवाटप ठरवणे अन्यायाचे आहे. दर पाच वर्षांनी जलाशयाची खोली मोजावी आणि वाटप नव्या क्षमतेवर ठरवावे.

५. खालची नदी. धरणाखालील गावांचाही सांकेवर हक्क आहे. मोजलेल्या आवकेच्या आधारे, गावकऱ्यांशी बोलून किमान विसर्ग ठरवावा व त्याची नोंद ठेवावी.

६. प्रसिद्धी. माहिती अधिकार कायदा, २००५ स्वयंप्रेरणेने माहिती प्रकट करण्यास सांगतो. प्रवाहाचे आकडे रोज आणि तपासणीचे निष्कर्ष सात दिवसांत हिंदीतून जाहीर करावेत. वर्षातून दोनदा जीवाजी विद्यापीठासारख्या त्रयस्थ संस्थेकडून पडताळणी व्हावी.

यांपैकी एकाही कामासाठी नवे धरण किंवा भूसंपादन लागत नाही. पट्टी एका दिवसात बसते. तिची नोंद काठच्या गावातील प्रशिक्षित व्यक्ती घेऊ शकते. म्हणून पहिली मागणी येत्या १५ जूनपूर्वी, तिसरी व सहावी ६० दिवसांत आणि उरलेल्या एका वर्षात पूर्ण कराव्यात.

तीस दिवसांत मागणीनिहाय लेखी उत्तर द्यावे. एखादी मागणी अमान्य असल्यास तिचे तांत्रिक कारण व पर्याय नमूद करावा. संयुक्त पाहणीसाठी आमचे प्रतिनिधी तयार आहेत. तिची तारीख उत्तरासोबतच कळवावी.

सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष व कार्यवाह