जुन्या लष्करी पिस्तुलाचे मोल

दसऱ्याच्या सुमारास रोह्यात ग्रामदैवत श्री धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलिसांचे सशस्त्र पथक तिला मानवंदना देते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या या प्रथेत शस्त्र आणि श्रद्धा लोकांच्या देखत एकत्र येतात. त्या पथकाच्या हातातील प्रत्येक बंदुकीची सरकारी दप्तरात नोंद असते. याच्या नेमके उलट चित्र घराच्या माळ्यावरचे. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात काय किंवा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काय, पलटणीत गेलेल्या आजोबांची लोखंडी ट्रंक उघडावी आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल हाती लागावे, हे अशक्य नाही. अशा वेळी घरात दोनच प्रश्न उठतात. याचे किती येतील, आणि हे कोणाला कळले तर काय होईल? हे नेमके आहे काय, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्यावरच अवलंबून आहेत.

पिस्तूल हे लष्करातील सरसकट शिपायाचे शस्त्र कधीच नव्हते. ते अधिकाऱ्यांना आणि रणगाड्यांवरील सैनिकांसारख्या मोजक्यांना मिळे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारा पराक्रम घडला, तेव्हा त्यांच्या हाती टॉमी गन होती. तिचे मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता म्हणून तिच्याच दस्त्याने त्यांनी शत्रूवर घाव घातले. तेव्हा साध्या शिपायाच्या घरी पिस्तूल निघाले, तर ते त्याला पलटणीने दिलेले असण्यापेक्षा रणांगणावर हाती लागलेले किंवा मागाहून विकत घेतलेले असण्याचा संभव अधिक. घरातील आख्यायिकेला पहिली कसोटी लागते ती येथे.

दुसरी कसोटी धातूवर कोरलेल्या खुणांची. बोलीभाषेत सारेच पिस्तूल असले, तरी फिरत्या चक्रात काडतुसे भरायची ते रिव्हॉल्व्हर आणि मुठीत मॅगझिन बसते ते पिस्तूल. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेला वेब्ली मार्क सहा हा .४५५ बोअरचा, सहा इंची नळीचा, मधोमध मोडून उघडणारा जड रिव्हॉल्व्हर. १९३२च्या एनफील्डचा आराखडा वेब्लीशी इतका जुळता की नवखा माणूस फसावा, पण तो.३८ बोअरचा आणि वजनाला हलका. त्याच्या १९३८च्या सुधारित आवृत्तीत घोड्याला अंगठ्याने मागे ओढण्याची पकडच नाही. इटालियन बेरेटाच्या १९३४च्या नमुन्यावर ख्रिस्ती सनाशेजारी रोमन अंकांत दुसरे वर्ष कोरलेले आढळते. ते मुसोलिनीच्या राजवटीचे. एरिट्रियात केरेन येथे १९४१ साली आणि पुढे इटलीत मराठा पलटणी लढल्या. म्हणून असे शस्त्र कोकणात निघाले, तर त्यात नवल नाही. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाची खूण असे. तीच वस्तू रीतसर विकली गेली की दोन बाण टोकाला टोक लावून उमटवीत. ही दुसरी खूण नसेल, तर वस्तू सरकारी खात्यातून रीतसर बाहेर पडली की नाही, ही शंका उरते.

मोल ठरते ते या खुणांवरून. सुट्या भागांवरचे क्रमांक परस्परांशी जुळतात काय, मूळचा रंग टिकून आहे काय, चामडी म्यान आणि कागदपत्रे सोबत आहेत काय, हे जगभरचे संग्राहक आधी पाहतात. आपल्याकडे मात्र अशी वस्तू सापडली की तिला घासूनपुसून, प्रसंगी निकेलचा मुलामा देऊन चकचकीत करण्याची हौस अनावर होते. तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत करावा तसे हे नव्हे. पॉलिशच्या चाकाखाली अक्षरे झिजतात आणि पाहणाऱ्याला वाचण्यासारखे काहीच उरत नाही. परदेशी लिलावांतले आकडे ऐकून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. येथे परवान्यावाचून खरेदी-विक्री गुन्हा ठरते. शिवाय शंभर वर्षांवरील कोणतीही वस्तू पुरावस्तू ठरली, तर १९७२च्या कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. नागरिकांसाठी आयात दीर्घकाळ जवळजवळ बंद राहिल्याने परवान्यात बसणारे .३२ बोअरचे साधे विलायती रिव्हॉल्व्हर चढ्या भावाने विकले गेले. ती किंमत टंचाईची होती, इतिहासाची नव्हे.

इतिहासाचे मोल निराळे असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ते ब्राउनिंग लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी असल्याच्या आरोपावर पुढचा खटला उभा राहिला. गांधीजींच्या हत्येत वापरलेले बेरेटा ६०६८२४ या क्रमांकाने न्यायालयापुढे आले. ते ग्वाल्हेरहून मिळवले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. त्यात आरोपी ठरलेले डॉ. परचुरे मात्र १९४९ साली अपिलात निर्दोष सुटले. क्रमांकाने शस्त्र कोणते ते कळते. ते कोणत्या हातांतून गेले, हे माणसांच्या साक्षीवाचून कळत नाही. म्हणूनच ट्रंकेतल्या पिस्तुलाबद्दल ज्याला ठाऊक आहे, तो वृद्ध हयात असतानाच त्याचे म्हणणे टिपून घेणे निकडीचे आहे.

आणि येथेच भीती आडवी येते. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून निःशस्त्र केले. तेव्हापासून शस्त्र म्हटले की ते लपविण्याकडेच मन वळते. १९५९चा कायदा स्वतंत्र देशाचा. पण तोही जुनेपणाला सवलत देतो ती बेताचीच. पुरातन किंवा मोडके शस्त्र सुटते ते दुरुस्त करूनही झाडता येत नसेल तरच. शंभर वर्षांचे वेब्ली अद्याप गोळी झाडू शकत असेल, तर कायद्याच्या लेखी ते आजचेच शस्त्र होय, आणि हे योग्यही आहे. गोळीला वय नसते. बाळगण्याचा हक्क संपलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे हाच कायदा सांगतो. २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारसाने आलेले शस्त्रही तीतच मोजले जाते. साहजिकच घराण्यांतील जुनी शस्त्रे ठाण्याच्या दारी येण्याचा ओघ वाढला असणार.

प्रश्न आहे तो त्या दाराच्या आत काय घडते याचा. जमा करून घेताना बोअर आणि क्रमांक टिपला की कायद्याचे समाधान होते. बाकीच्या खुणा, सैनिकाचे नाव, त्याची पलटण, घरची हकीकत यांना रकानाच नसतो; आणि शस्त्र सरकारजमा होऊन पुढे नष्ट झाले, तर मागे केवळ पावती उरते. यावर उपाय खर्चिक नाही. पोलीस मुख्यालयातील जाणत्या आर्मररने प्रत्येक जुन्या लष्करी शस्त्राच्या सर्व खुणांचे छायाचित्र घ्यावे, वारसाचे निवेदन सोबत जोडावे, आणि नष्ट करण्यापूर्वी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रास किंवा एखाद्या सरकारी संग्रहालयास विचारणा व्हावी. निकामी करून ते जतन करता येत असेल, तर भट्टीची घाई कशाला? स्वतःहून आलेल्या वारसाला गुन्हेगारासारखे वागविले जाणार नाही, एवढा विश्वास जिल्हा प्रशासनाने जाहीरपणे दिला, तर पुष्कळ ट्रंका उघडतील.

वारसांचेही कर्तव्य उरतेच. सापडलेल्या शस्त्राचा चाप ओढून पाहू नये, काडतुसे स्वतः काढू नयेत, घासू नये, विकू नये. जागचे न हलवता पोलिसांना कळवावे आणि आजोबांचे पलटणीतले कागद मात्र जपून ठेवावेत. शस्त्र सरकारकडे गेल्याने कुळाचा मान जात नाही. तो जातो, ते शस्त्र कोणाचे होते हे सांगणारे कोणी उरले नाही म्हणजे.